जनुकाची कळ कोण दाबते?

नियामक प्रथिने, त्यांच्या अमलाखालील जनुके आणि त्यांचा माग काढणाऱ्या संगणकीय आज्ञावली
(हीरकमहोत्सवी वर्षातील विज्ञान व्याख्यानाची संहिता)



शाळेच्या हीरकमहोत्सवात आजचा विषय काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. पेशीतील कोणते प्रथिन कोणत्या जनुकावर अंमल चालवते, हे शोधण्यासाठी गेल्या चाळीस वर्षांत ज्या संगणकीय आज्ञावली घडत गेल्या, त्यांचा हा विषय आहे. या शोधाच्या एका टोकाला संगणकाच्या पडद्यावर उमटलेली नावांची लांबलचक यादी असते. दुसऱ्या टोकाला विदर्भात, छत्तीसगढमध्ये, मध्य प्रदेशात किंवा गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सांधेदुखीने रात्र रात्र कण्हणारे सिकलसेलग्रस्त मूल असते. त्या यादीपासून त्या मुलापर्यंतचे अंतर किती, ते कसे कापले जाते आणि यादीलाच उत्तर मानले तर काय गमावले जाते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रारंभ एका साध्या कोड्यापासून करता येईल. माणसाच्या डोळ्यातील पेशी आणि यकृतातील पेशी यांत साम्य फारसे दिसत नाही. तरीही दोहोंच्या केंद्रकात डीएनएचा जवळजवळ तोच मजकूर असतो. ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला हा मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा असून त्यात प्रथिने घडवण्याची कृती सांगणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. ग्रंथालय एकच असले तरी त्यातील कोणते पुस्तक उघडायचे आणि कोणते मिटलेले ठेवायचे, हे प्रत्येक पेशी निराळे ठरवते. पेशींचा सारा वेगळेपणा या निवडीत आहे.

ही निवड कशी होते, याचे पहिले सुस्पष्ट उत्तर १९६१ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रान्स्वा जाकोब आणि झाक मोनो यांनी दिले. माणसाच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू दुधातील साखर समोर आली तरच ती पचवणारी विकरे तयार करतो. एरवी त्यांची जनुके बंद असतात, कारण एक ‘दमनकारी’ घटक त्यांना रोखून धरतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. १९६५ मध्ये आंद्रे ल्वोफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी तो दमनकारी घटक प्रत्यक्ष वेगळा केला आणि तो एक प्रथिन असल्याचे सिद्ध झाले. डीएनएवरील ठरावीक अक्षरखूण ओळखून तेथे बसणाऱ्या आणि जनुकाचे वाचन सुरू किंवा बंद करणाऱ्या अशा प्रथिनांना इंग्रजी पुस्तकांत ‘ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर’ म्हणतात. येथे त्यांना नियामक प्रथिने म्हणता येईल. माणसाच्या शरीरात त्यांची संख्या सुमारे १,६०० आहे. सोळाशे अधिकारी आणि वीस हजार जनुके. कोणाची हुकमत कोणावर, हा प्रश्न येथे उभा राहतो.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. सिकलसेल या आजारात हिमोग्लोबिनमधील बीटा साखळीच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. त्या एका अक्षराने प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलते, प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून कठीण धागे होतात, तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या बनतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पण हा आजार घेऊन जन्मलेले अर्भक पहिले काही महिने बहुधा बरे असते. १९४८ मध्ये ब्रुकलिनमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी याचे कारण सुचवले. गर्भावस्थेत बाळाच्या रक्तात निराळे हिमोग्लोबिन असते. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ते पेशीचा कोयता होऊ देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा जनुक मिटते, बीटा जनुक उघडते आणि दुखणे सुरू होते. म्हणजे बचावाचे जनुक प्रत्येक रुग्णाच्या शरीरात शाबूत आहे, फक्त त्याची कळ कोणीतरी बंद केली आहे. ती कोण बंद करते, हे कळले तर उपचाराची दिशा सापडते.

कोणत्या प्रथिनाचा अंमल कोणत्या जनुकावर, हे ठरवताना चार निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात. जनुकाच्या परिसरात त्या प्रथिनाची अक्षरखूण आहे काय? प्रथिन त्या खुणेवर खरोखर येऊन बसते काय? बसले तर ते स्थान कोणत्या जनुकाचे नियमन करते? आणि प्रथिन काढून घेतले तर त्या जनुकाचे काम बदलते काय? उपलब्ध आज्ञावलींपैकी प्रत्येक यांतील एका किंवा दोन प्रश्नांना उत्तर देते. एकीचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे म्हणून वापरले की गफलत होते.

पहिला प्रश्न खुणेचा. गाटा-१ या नियामक प्रथिनाचे नावच त्याच्या खुणेवरून पडले आहे. त्याला डीएनएवर जी-ए-टी-ए ही चार अक्षरे हवी असतात. त्यांच्या आधी ए किंवा टी आणि नंतर ए किंवा जी असले की त्याचे समाधान होते. मधली अक्षरे पक्की आणि कडेची थोडी सैल, असा बहुतेक प्रथिनांचा स्वभाव असतो. ही सैल-पक्की आवड गणितात मांडण्याची रीत १९८२ मध्ये गॅरी स्टॉर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलायच्या डीएनएवर काम करताना रूढ केली. खुणेच्या प्रत्येक स्थानी चारही अक्षरांना किती गुण द्यायचे याचा एक तक्ता करायचा, तो डीएनएवरून एकेक अक्षर पुढे सरकवत न्यायचा आणि जेथे गुणांची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे जाईल ते स्थान टिपायचे. अशा तक्त्यांचा ‘जास्पर’ हा संग्रह २००४ पासून सर्वांसाठी मोफत खुला आहे.

पण प्रथिनाची आवड मुळात ठाऊकच नसेल तर? एकाच वेळी जागी होणारी पन्नास जनुके हाती आली असतील, तर त्यांच्या आसपास नेहमीपेक्षा जास्त वेळा दिसणारे लहानसे अक्षरसमूह शोधता येतात. १९९४ मध्ये टिमोथी बेली आणि चार्ल्स एल्कन यांनी केलेली ‘मीम’ ही आज्ञावली हेच काम करते आणि तीन दशकांनंतरही ती वापरात आहे. ती आधी एक अंदाज बांधते, त्या अंदाजाने खुणा निवडते, निवडलेल्या खुणांवरून अंदाज सुधारते आणि सुधारणा थांबेपर्यंत हीच फेरी पुन्हा पुन्हा करते.

मात्र केवळ खुणेवर विसंबणे म्हणजे मोठ्या शहरात फक्त आडनावावरून माणूस शोधण्यासारखे आहे. हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. चार अक्षरांतून सहा अक्षरांचा शब्द ४,०९६ प्रकारे घडू शकतो. म्हणून विशिष्ट सहा अक्षरे निव्वळ योगायोगाने सुमारे दर ४,०९६ अक्षरांमागे एकदा येणार. ३०० कोटी अक्षरांत ती सात लाखांहून अधिक ठिकाणी सापडतील आणि डीएनएचे दोन्ही धागे मोजले तर सामान्यतः त्याच्या दुप्पट. यांतील फारच थोड्या जागी प्रथिन प्रत्यक्ष बसते. २००४ मध्ये वायेथ वासरमन आणि आल्बिन सँडेलिन यांनी या अडचणीला अर्धवट विनोदाने ‘निष्फळतेचे प्रमेय’ म्हटले. केवळ तक्त्यावरून वर्तवलेल्या जवळजवळ सर्व जागांना पेशीत काहीच कार्य नसते, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी मार्टिन टोम्पा आणि अनेक सहकाऱ्यांनी खुणा शोधणाऱ्या १३ आज्ञावलींची एकत्र परीक्षा घेतली. निकाल सर्वांसाठीच निराशाजनक होता. एकाच आज्ञावलीवर न विसंबता परस्परांना पूरक अशा अनेक वापराव्यात, हा त्या परीक्षेतून मिळालेला व्यावहारिक सल्ला.

येथे दुसरा प्रश्न मदतीला येतो: प्रथिन तेथे खरोखर बसते काय? पेशीत डीएनए उघड्यावर पसरलेला नसतो. तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो आणि त्याचा मोठा भाग मिटलेला असतो. खूण असूनही दार बंद असेल तर प्रथिन आत शिरणार कसे? म्हणून प्रयोगशाळेत पेशीतील प्रथिने रसायनाने डीएनएला जागच्या जागी चिकटवतात, डीएनएचे बारीक तुकडे करतात आणि हव्या त्या प्रथिनाला ओळखणाऱ्या प्रतिपिंडाच्या साहाय्याने त्याला चिकटलेले तुकडे तेवढे वेचून घेतात. हे तुकडे वाचून ते जीनोममध्ये मूळ कोठले, हे संगणक ठरवतो. ‘चिप-सीक’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत २००७ मध्ये प्रचारात आली. जेथे तुकड्यांची दाटी होते तेथे आलेखात शिखर उमटते. मात्र प्रत्येक उंचवटा खरा नसतो. काही दाटी प्रयोगातील दोषांमुळेही होते. खरे शिखर आणि खोटा उंचवटा यांत निवड करण्यासाठी २००८ मध्ये बॉस्टनमधील शर्ली लिऊ यांच्या गटाने ‘मॅक्स’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. प्रथिन न वेचता घेतलेल्या तुलनेच्या नमुन्याशी ताडून, त्या परिसरात योगायोगाने किती तुकडे पडले असते याचा अंदाज ती घेते आणि त्याहून लक्षणीय अशीच दाटी ग्राह्य धरते.

प्रथिन बसते एवढे सिद्ध झाले तरी तिसरा प्रश्न उरतो: ते स्थान कोणत्या जनुकाचे? सर्वांत जवळचे जनुक निवडणे सोपे, पण नेहमी बरोबर नसते. हातापायांची बोटे घडवण्यात ‘सॉनिक हेजहॉग’ या जनुकाचा वाटा मोठा आहे. त्याची हाता-पायांपुरती कळ त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरांवर आणि तीही भलत्याच जनुकाच्या पोटात दडलेली आहे. त्या कळीतील एका अक्षराच्या बदलानेही काही कुटुंबांत सहावे बोट घेऊन मुले जन्मतात. डीएनए घडी घालून वळलेला असल्यामुळे दूरची कळ जनुकाला येऊन टेकू शकते. शेजार आणि नाते यांतील हा फरक ध्यानात घेऊनच स्टॅनफर्डमध्ये २०१० साली ‘ग्रेट’ ही आज्ञावली झाली. ती प्रत्येक जनुकाभोवती एक नियमनक्षेत्र कल्पते आणि दूरच्या शिखरांनाही हिशेबात घेते. तरी तिचे उत्तर संभाव्यतेचेच असते.

चौथा प्रश्न सर्वांत कठोर. प्रथिन जनुकापाशी बसते, पण काही करते काय? एक नियामक प्रथिन हजारो जागी बसलेले आढळते आणि त्यांतील बऱ्याच जागी त्याच्या असण्या-नसण्याने फरक पडलेला दिसत नाही. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण येथे प्रयोगाची रीतच सांगून जाते. कोंबडा आरवतो आणि तांबडे फुटते, दोन्ही रोज बरोबर घडतात. त्यांतला धनी कोण, हे ठरवण्यासाठी कोंबडे झाकून पाहावे लागते. प्रयोगशाळेत नियामक प्रथिनाचे जनुक निकामी करतात आणि मग वीस हजार जनुकांपैकी कोणाचे काम वाढले, कोणाचे घटले, हे मोजतात. येथेही संख्याशास्त्राचा पहारा हवा. प्रत्येक जनुकामागे शंभरात पाच चुकांची सवलत दिली, तर कोणताच खरा फरक नसतानाही वीस हजारांतून सुमारे एक हजार जनुके ‘बदललेली’ दिसतील. योव्ह बेंजामिनी आणि योसेफ हॉचबर्ग यांनी १९९५ मध्ये सुचवलेली, खोट्या शोधांचे प्रमाण आटोक्यात ठेवण्याची रीत म्हणूनच या क्षेत्रात सर्रास वापरली जाते.

याशिवाय बदललेल्या जनुकांत थेट आणि आडून बदललेले असे दोन प्रकार असतात. मुख्याध्यापक रजेवर गेले तर वर्गातील वेळापत्रकही बदलते, म्हणून प्रत्येक घंटा त्यांनीच वाजवली होती असे होत नाही. थेट अमलाखालची जनुके निवडण्यासाठी दोन्ही पुरावे जुळवावे लागतात: प्रथिन जवळ बसलेले आहे आणि ते काढल्यावर जनुक बदलते आहे. शर्ली लिऊ यांच्याच गटाची २०१३ मधील ‘बीटा’ ही आज्ञावली असा मेळ घालते. एखादे जनुक शिखरांच्या किती जवळ आहे आणि ते किती बदलले, या दोन्हींवरून ती जनुकांची क्रमवारी लावते.

कधी प्रयोग करणेच अवघड असते. मग शेकडो नमुन्यांत कोणती जनुके एकत्र चढतात-उतरतात, हे पाहून नियमनाचे जाळे तर्काने रेखाटले जाते. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठातून २००६ मध्ये ‘अराक्ने’ आणि बेल्जियममधील लिएज येथून २०१० मध्ये ‘जीनी-३’ ही साधने याच वाटेने आली. बेल्जियममधीलच लूव्हेन येथे २०१७ साली ‘सीनिक’ ही आज्ञावली झाली. ती एकेका पेशीतील मोजमापांवरून असे सहचार शोधते आणि मग संबंधित प्रथिनाची खूण त्या जनुकांजवळ आहे काय हे तपासून खूण नसलेली नावे वगळते. दोन दुबळे पुरावे एकमेकांना सावरतात, हे त्यामागचे सूत्र.

हे सूत्र किती खरे आहे, याची मोठी कसोटी ‘ड्रीम’ या खुल्या स्पर्धेच्या पाचव्या आवृत्तीत लागली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जाळे रेखाटणाऱ्या तीसहून अधिक पद्धतींना एकच सामग्री देण्यात आली. एका जीवावर सरस ठरलेली पद्धत दुसऱ्यावर तितकीच सरस ठरेल, याची शाश्वती नव्हती. पण सर्वांची उत्तरे एकत्र करून काढलेला कौल सातत्याने वरच्या श्रेणीत राहिला. त्या एकत्रित कौलातून ई. कोलायमधील, पूर्वी कोणी न नोंदवलेले ५३ संबंध प्रयोगशाळेत तपासण्यात आले. त्यांपैकी २३ संबंधांना प्रयोगाने दुजोरा दिला. म्हणजे जाणकारांच्या सर्वोत्तम एकमतातूनही निम्म्याहून अधिक संबंध तपासणीत टिकले नाहीत. हा आकडा निराशेचा नाही. हजारो शक्यतांतून ५३ निवडून त्यांतल्या २३ खऱ्या निघाव्यात, हे मोठेच यश आहे. पण यादी आणि सत्य यांतील अंतर किती, हेही तो आकडा स्वच्छ सांगतो.

आता गॅमा जनुकाकडे परतता येईल. २००७ आणि २००८ मध्ये मोठ्या लोकसमूहांच्या आनुवंशिक पाहणीतून असे दिसले की प्रौढांच्या रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिन किती उरते, याचा संबंध दुसऱ्या गुणसूत्रावरील ‘बीसीएल-११-ए’ या जनुकाशी आहे. हे जनुक एका नियामक प्रथिनाचे होते. हा झाला संशय. २००८ च्या अखेरीस विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी मानवी रक्तपेशींत या प्रथिनाचे प्रमाण घटवले आणि गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढले. कोंबडे झाकले आणि येथे खरोखरच फरक पडला. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांतून हे प्रथिन काढल्यावर आजाराची लक्षणे सुधारली. अंमल सिद्ध झाला, पण हे प्रथिन नेमके कोठे बसते हे संदिग्धच राहिले. सुरुवातीच्या प्रयोगांत ते गॅमा जनुकाच्या दारात बसलेले दिसत नव्हते.

उत्तर २०१८ मध्ये मिळाले. प्रथिनाची जागा अधिक बारकाईने दाखवणाऱ्या नव्या पद्धतीने पाहिल्यावर ते गॅमा जनुकाच्या आरंभापूर्वी सुमारे ११५ अक्षरांवर, टी-जी-ए-सी-सी-ए या सहा अक्षरांवर बसलेले आढळले. हीच सहा अक्षरे त्याच दारात, जनुकाच्या आणखी जवळ, पुन्हा एकदा आहेत. पण प्रथिनाची पसंती दूरच्या जागेलाच आहे. केवळ अक्षरे वाचणाऱ्या आज्ञावलीला दोन्ही जागा सारख्याच दिसल्या असत्या. काही माणसांत जन्मतःच याच दूरच्या जागेतील एखादे अक्षर बदललेले असते आणि त्यांचे गर्भकालीन हिमोग्लोबिन आयुष्यभर टिकते. निसर्गाने केलेला हा प्रयोग प्रयोगशाळेच्या साक्षीशी तंतोतंत जुळला. खूण, बैठक, जनुक आणि परिणाम या चारही साक्षी आता एका ठिकाणी आल्या होत्या.

उपचाराची वाट मात्र एक पायरी मागे जाऊन सापडली. बीसीएल-११-ए हे प्रथिन शरीरात इतरत्रही आवश्यक असल्याने ते सगळीकडून काढून चालत नाही. २०१३ मध्ये त्याच्या जनुकातच एक अशी कळ सापडली की जी केवळ तांबड्या पेशींच्या घराण्यात चालते. २०१५ मध्ये त्या कळीची जवळजवळ अक्षरागणिक कापाकापी करून तिचे मर्मस्थान शोधले गेले. तेथे जी-ए-टी-ए ही, गाटा-१ या प्रथिनाची ओळखीची खूण होती. क्रिस्पर तंत्राने रुग्णाच्या स्वतःच्या रक्तजनक पेशींतील ही खूण मोडायची आणि त्या पेशी त्याला परत द्यायच्या, असा उपचार त्यातून घडला. ‘कॅसजेव्ही’ या नावाने त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. १९४८ मधील एका निरीक्षणापासून येथवर यायला पंचाहत्तर वर्षे लागली.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. शिवाय सुधारलेल्या पेशी परत देण्यापूर्वी रुग्णाची जुनी अस्थिमज्जा तीव्र औषधांनी रिकामी करावी लागते आणि त्यासाठी सुसज्ज रुग्णालय लागते. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. आज या आजाराचा भार मुख्यतः मध्य आणि पश्चिम भारतातील आदिवासी समाज वाहतो. बडोदे, इंदूर, जबलपूर, रायपूर अशा, मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या शहरांपासून ही गावे फार दूर नाहीत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी या संस्थेत सिकलसेलसाठी जनुकसंपादनाचे देशी संशोधनही चालू आहे.

तोवर हाती असलेले उपाय साधे आहेत आणि तेही याच ज्ञानाशी जोडलेले आहेत. हायड्रॉक्सियुरिया हे तोंडाने घ्यायचे औषध अनेक रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून विवाहापूर्वी रक्ताची साधी तपासणी करून घेणे हे अशा भागातील प्रत्येक कुटुंबासाठी शहाणपणाचे आहे. वाहक असणे हा रोग नव्हे आणि लाज वाटावी अशी बाबही नव्हे.

उरतो प्रश्न विद्यार्थ्यांचा. या क्षेत्राचे एक वैशिष्ट्य असे की त्याची बहुतेक हत्यारे मोफत आहेत. मीम, मॅक्स, सीनिक या आज्ञावली आणि जास्परसारखे संग्रह कोणालाही वापरता येतात. २००१ पासून चालत आलेल्या ‘बायोकंडक्टर’ या मुक्त प्रकल्पात जीवशास्त्रीय विश्लेषणाची शेकडो साधने आहेत. अनेक प्रयोगांची मूळ सामग्रीही सार्वजनिक संग्रहांत ठेवलेली असते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जैवमाहितीशास्त्र केंद्रांचे देशव्यापी जाळे उभारले. पुणे विद्यापीठातील केंद्र त्यांतले एक. त्यामुळे लहान शहरातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीलाही एक संगणक, जोडणी आणि चिकाटी यांच्या बळावर या शोधात सहभागी होता येते. गणित येणाऱ्याने जीवशास्त्र सोडू नये आणि जीवशास्त्र आवडणाऱ्याने गणिताला भिऊ नये, एवढी तयारी शाळेत झाली तरी पुष्कळ झाले.

पण हत्यार फुकट मिळाले तरी विवेक फुकट मिळत नाही. कोणतीही आज्ञावली कळ दाबताच यादी देते. सामग्री वाईट असली तरी देते, प्रश्न चुकीचा असला तरी देते. ती यादी पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे की चौथ्या, तुलनेचा नमुना घेतला होता काय, योगायोगाने किती नावे आली असती आणि दुसऱ्या मार्गाने कोणी तपासून पाहिले काय, हे माणसालाच विचारावे लागते. हे प्रश्न न विचारता छापलेल्या यादीमागे कोणाची तरी वर्षे जातात, सार्वजनिक पैसा जातो आणि एखाद्या रुग्णाच्या घरी खोटी आशा जाते. असे प्रश्न विचारण्याची सवय ज्या भाषेत मूल विचार करते त्या भाषेत लवकर लागते. ‘हे कशावरून?’ हा मराठी शाळेतील फळ्यासमोर विचारला गेलेला प्रश्न जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत तितकाच उपयोगी पडतो.

बीसीएल-११-ए हे नावही कधीकाळी एका पाहणीतून पुढे आलेले एक नाव होते. ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले, कारण अनेक देशांतील माणसांनी दहा-पंधरा वर्षे त्याला पुन्हा पुन्हा ‘कशावरून?’ असे विचारले आणि प्रत्येक वेळी निराळ्या साक्षीने उत्तर मिळाले. अशा प्रश्नांची वाट पाहणारी नावे आजही सार्वजनिक संग्रहांत हजारोंनी पडून आहेत. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी त्यांतले एक जरी तडीस नेले, तरी हीरकमहोत्सवाचे सार्थक होईल.